पुसलेलं वाचायची सोय

“माणसाचं बोलणं ही कुठल्याही कंपनीची मालमत्ता नाही! आजपासून या घरातलं संभाषण स्वतंत्र झालं, असं मी जाहीर करतो!”

हे वाक्य उच्चारताना इंजिनिअरसाहेब उंचावर उभे होते, हे खरं. पण ते व्यासपीठ नव्हतं, स्वयंपाकघरातलं स्टूल होतं, आणि त्यावर ते चढले होते दिवा बदलायला. स्टुलाचे पाय धरून खाली उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं मान वर करून विचारलं, “झालं का जाहीर? मग दिवा लावा. माझे हात भरून आले.”

दिवा लागलाच नाही. साहेबांनी आणलेला दिवा पिनांचा होता आणि छताचा होल्डर आट्यांचा. सगळी हयात विजेबरोबर काढलेला तो माणूस दिवा हातात घेऊन गुपचूप खाली उतरला आणि म्हणाला, “कंपन्या मुद्दाम असं करतात.”

“हो ना. निघताना तुम्ही होल्डर बघितला नाहीत, तेही कंपनीनंच केलं.”

साहेबांची बायको निवृत्त मुख्याध्यापिका होती. निम्मं शहर त्यांना बाई म्हणायचं, आणि घरात साहेबही बाईच म्हणायचे. कारण लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं होतं की, आपल्यालाही इथं विद्यार्थी म्हणूनच दाखल करून घेण्यात आलेलं आहे.

साहेबांची नोकरी रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात झाली. उंच मनोरा, खाली तारांचं कुंपण, आत गुणगुणणारी यंत्रं आणि त्या यंत्रांच्या मधोमध एका खुर्चीत साहेब. त्यांची सगळी तत्त्वं त्या मनोऱ्याखाली तयार झाली. “आमच्या मनोऱ्यानं कधी कुणाला विचारलं नाही की बाबा, तुझा सेट कुठल्या कंपनीचा?” असं ते म्हणत. “हवेत सोडलं, ज्याला हवं त्यानं पकडलं. आणि हे हल्लीचे मेसेजवाले! बोलायचं असेल तर आमच्याच दुकानात या, आमच्याच खुर्चीत बसा, आमचाच चष्मा लावा! म्हणजे भावाशी चार शब्द बोलायचे तर मध्ये हा तिसरा कोण?”

यातला भाऊ फक्त उदाहरणादाखल आला होता. भावाशी चार शब्द बोलून वर्ष होत आलं होतं, आणि त्यात कुठल्याही कंपनीचा हात नव्हता.

तर साहेबांनी शोध लावला. सगळं जग ज्या ॲपवर बोलतं, त्याच ॲपवरच्या लोकांशी ते ॲप न घेता बोलता येईल असा एक प्रोग्राम त्यांना सापडला. जगभरातल्या अशाच काही हट्टी लोकांनी तो फुकट लिहिला होता, आणि कंपनीला त्याचा पत्ता लागला की कंपनी तो बंद पाडायची, की ते लोक पुन्हा नवा लिहायचे. समोरचे लोक पुढच्या दारानं आत येत, साहेब मागच्या भिंतीतून. बाईंनी त्या प्रोग्रामचं एकदाच निरीक्षण केलं आणि त्याला नाव दिलं: भगदाड.

भगदाडातून दिसायचं मात्र जरा वेगळंच. लोक पाठवतात ती हसरी-रडकी तोंडं तिथं दिसत नसत, त्या जागी रिकामे चौकोन दिसत. साहेबांच्या मधल्या बहिणीनं, जिला सगळे माई म्हणत, तिचं मांजर गेल्याची बातमी घरच्या ग्रुपवर टाकली तेव्हा खाली रडक्या तोंडांची रांग होती. साहेबांनी लिहिलं, “एवढे चौकोन कशाला? फरश्या बसवतेयस का?” माई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. फोटो कधी सरळ येत, कधी आडवे. साहेबांनी मान कलती करून बघायची सवय लावून घेतली. मान दुखायला लागली तेव्हा ती स्वातंत्र्याची किंमत आहे असं ते म्हणाले, आणि बाईंनी ती किंमत तेल लावून चोळून दिली.

पण दोन सोयी अशा होत्या की त्यांच्यापुढे चौकोन काय आणि मान काय. पहिली सोय ही की, मेसेज आपल्याकडे पोचला, आपण वाचला, याचा पत्ता पाठवणाऱ्याला लागत नसे. इतरांना दोन खुणा दिसतात, मग त्या निळ्या होतात. साहेबांना पाठवलेल्या मेसेजवर मात्र एकच खूण, करडी, कायमची. “मी कधी काय वाचतो ही माझी खासगी बाब आहे,” साहेब म्हणाले. दुसरी सोय त्याहून बहारदार. कुणी मेसेज पाठवून पुसला तर इतरांच्या फोनवरून तो नाहीसा होई. साहेबांच्या पडद्यावर तो तसाच राही, फिकट अक्षरांत, मधून एक रेघ मारलेला.

पहिल्याच दिवशी साहेबांनी स्वातंत्र्याचा भलामोठा जाहीरनामा घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात मनोरा होता, हवा होती, शेवटी ‘मी आता कुणाच्या ॲपचा मिंधा नाही’ हे होतं. खाली माईनं लिहिलं, “छान विचार, दादा.” आणि त्याच्या वर, रेघ मारलेलं, फिकट अक्षरांत, “झालं यांचं सुरू. कुणीतरी वहिनीला सांगा, वायर काढ म्हणावं.”

साहेबांनी ते दोनदा वाचलं. आधी राग आला. मग वाटलं, वाक्य वाईट नाही. मग त्यांनी बाईंना हाक मारून दाखवलं, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

“दुसऱ्यानं पुसलेलं वाचू नये,” डोळे पुसत बाई म्हणाल्या. “वर्गात फळा पुसला की विषय संपतो.”

“अहो, पण मी काही करत नाही. ते आपोआप दिसतं.”

“मग मान फिरवा. नाहीतरी तुमची कलतीच असते.”

साहेबांनी मान फिरवली नाही. उलट सकाळी उठल्याबरोबर ते आधी रेघ मारलेले मेसेज बघू लागले. लोकांचं साधं बोलणं त्यांना आता मिळमिळीत वाटायचं. आणि अशाच एका सकाळी, शनिवारी, चहा निवत असताना, त्या पडद्यावर धाकट्याचं नाव उगवलं.

धाकटा म्हणजे साहेबांचा धाकटा भाऊ. एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्याचा जन्म गेला. नदीपलीकडे दोन खोल्यांत एकटाच राहायचा. लग्न केलं नव्हतं. मसुदा पक्का झाला नाही, असं तो म्हणे. वडिलांचा जुना रेडिओ त्याच्याकडे होता. खरखरत का होईना, वाजायचा. मागच्या पत्र्यावर कंपनीचा कागद चिकटवलेला होता: उघडू नये. गेल्या वर्षी साहेब त्याच्याकडे गेले, त्यांनी तो कागद वाचला आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. खरखर घालवायची होती. खरखर गेली. त्याबरोबर आवाजही गेला, आणि सगळं परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले.

“तुला बंद वस्तू दिसली की हात शिवशिवतात,” धाकटा म्हणाला होता. “वडील त्यात खरखरत होते रे. मला तेवढं पुरत होतं.”

“मी सुधारणा करत होतो,” साहेब म्हणाले होते, आणि दोन्ही स्क्रू खिशात घालून निघून आले होते. तेव्हापासून बोलणं बंद. बाईंचा नियम होता की सासरच्या भांडणात आपण पडायचं नाही, वर्ग दुसऱ्याचा आहे.

आता पडद्यावर धाकट्याचा मेसेज होता. साहेब वाचत असतानाच मधून रेघ आली.

“दादा, येत्या बुधवारी सकाळी डोळ्याचं ऑपरेशन आहे, पुलाजवळच्या इस्पितळात. सोबत कुणी नसेल तर ते करत नाहीत, पुढची तारीख देतात. रेडिओचं मी विसरलेलो नाही, तरीही विचारतो आहे.”

थोड्या वेळानं दुसरा आला. “दादा, बुधवारी ऑपरेशन आहे. डोळ्याला पट्टी लावून एकट्यानं बसायची मला सवय नाही. रेडिओचा विषय काढणार नाही.” रेघ.

रविवारी तिसरा. “दादा, बुधवारी सकाळी मोकळा आहेस का?” रेघ.

प्रुफं तपासणाऱ्याचाच हात तो. एकाच मजकुराची तीन प्रुफं, प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड, आणि पक्की प्रत काही निघेना.

साहेबांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली.

“लिहा त्याला,” बाई म्हणाल्या.

“काय लिहू? तू पुसलेलं मी वाचलं म्हणून?”

“मग फोन करा.”

“फोन करून काय सांगू? मला स्वप्न पडलं? बाई, तत्त्वाचा प्रश्न आहे. पुसलेलं म्हणजे न बोललेलं. त्यानं एक मेसेज न पुसता ठेवू दे, मी चप्पल घालून निघालोच समजा.”

“न बोललेलं आहे, मग तुम्ही सकाळपासून तोंड का धुतलं नाहीत?”

साहेबांनी तोंड धुतलं. परत येऊन पाहिलं तर चौथा आला होता. त्यात एकच शब्द होता, “दादा,” आणि पुढे स्वल्पविराम. तो मात्र बराच वेळ राहिला. साहेब त्या स्वल्पविरामाकडे असे बघत बसले, जसं कुणी स्टेशनावर गाडीच्या दिशेनं बघावं. हा राहिला तर लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. काय लिहायचं तेही ठरवलं: ‘बोल’. मग वाटलं, ‘बोल’ फार पडखाऊ होतं. ‘काय?’ केलं. ते फार खेकसल्यासारखं. ‘हं’ केलं. ते म्हशीसारखं. आपलंही प्रूफ काही पक्कं होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा स्वल्पविरामावरून रेघ गेलेली होती.

सोमवार तसाच गेला. साहेब घरात अशा बेतानं वावरत होते की खोलीत कुठंही असले तरी पडदा नजरेत राहावा. अंघोळीलाही दार किलकिलं ठेवून गेले. इतकी वर्षं मनोऱ्याखाली बसून जगाला ऐकवण्यात गेली. ऐकायला बसायचं म्हणजे काय असतं, ते त्यांना आता कळत होतं, आणि ते काम त्यांना मुळीच जमत नव्हतं.

मंगळवारी दुपारी भगदाड बुजलं.

पडदा पांढरा झाला आणि मधोमध चौकट आली: आपण अनधिकृत साधन वापरत असल्याचे आढळले आहे. आपले खाते बंद करण्यात येत आहे. विनंती अर्जाचा विचार काही दिवसांत केला जाईल.

साहेबांनी प्रोग्राम बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. शेवटी घराचं मुख्य बटण बंद करून चालू केलं, त्यामुळे फ्रिज तेवढा दचकला. खातं बंद ते बंदच. माईचं मांजर, आडवे फोटो, रेघा मारलेली वाक्यं, सगळं पलीकडे राहिलं.

“बाई,” साहेब खुर्चीत बसूनच म्हणाले. आवाज सभेचा नव्हता. “आता त्यानं पाचवा पाठवला तर? न पुसता?”

“तर तुम्हाला कळणार नाही.”

“आणि नसेल पाठवला तर?”

“तेही कळणार नाही.” बाईंनी इस्त्रीचे कपडे बाजूला ठेवले. “म्हणजे काय झालं? पाठवला असू शकतो. तुमचं तत्त्व काय होतं? न पुसलेला एक मेसेज आला की चप्पल. तो आलेला नाही असं तुम्ही आता छातीठोक सांगू शकता का?”

साहेबांनी विचार केला. आयुष्यभर गणितानं जगलेल्या माणसाला त्यात चूक सापडेना. “नाही,” ते म्हणाले.

“मग उद्या सकाळचा निळा शर्ट काढून ठेवते.”

बुधवारी सकाळी इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत एकमेकांना जोडलेल्या खुर्च्यांची रांग होती आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं मोठं, खालचं बारीक. धाकटा कोपऱ्यात बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, कपाळावर पेनानं काढलेला बाण, ज्या डोळ्याचं काम करायचं त्या बाजूला. मोठा भाऊ दारातून येताना बघून त्यानं आधी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तू?”

“मी,” साहेब म्हणाले आणि एक खुर्ची सोडून बसले.

“तुला कुणी सांगितलं?”

“माईनं.”

“माईला मी सांगितलेलंच नाही.”

“मग... बाईंना कुठून तरी कळलं.”

“वहिनीला कळलं असतं तर ती स्वतः आली असती. तुला नसतं पाठवलं.”

साहेब तक्त्यावरची अक्षरं वाचू लागले. तेवढ्यात आतून नर्स आली. “सोबत कोण आहे? कुणी नसेल तर आज होणार नाही, आधीच सांगते.”

धाकट्यानं काही म्हणायच्या आत साहेब उठले. “मी आहे. मोठा भाऊ.”

“नंबर द्या. मेसेज पाठवू ना?”

“फोन करा. मेसेजवरून मला काढून टाकलंय.”

नर्सनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, असा काय गुन्हा केला असावा या वयात, अशा नजरेनं, आणि नंबर लिहून घेऊन ती आत गेली. धाकटा हळूच म्हणाला, “थांबला नाहीस तरी चालेल. सही पुरते त्यांना.”

“थांबतो ना,” साहेब भरात आले. भरात येणं हा त्यांचा जुना आजार. “पट्टी लावून एकट्यानं बसायची तुला सवय नाही, हे काय मला...”

ते थांबले. पण उशीर झाला होता.

धाकट्यानं मान वळवली. ती नजर साहेब ओळखत होते. छापलेल्या पानावर एखादी जागा सापडली की तो असाच बघायचा. “हे वाक्य माझं आहे,” तो म्हणाला. “पण हे मी काढून टाकलं होतं. दुसऱ्या प्रुफातलं. तिसऱ्यात नव्हतंच.”

मग साहेबांना सगळं सांगावं लागलं. मनोरा, हवा, भगदाड, चौकोन. एरवी हे भाषण ते उभ्यानं करत, आज बसून आणि हळू आवाजात झालं, आणि त्यात टाळ्यांची जागा कुठंच येईना.

“म्हणजे तू सगळी वाचलीस?”

“चारही.”

“मग माझ्याकडे एकच खूण का दिसायची? शनिवारपासून लोकांना विचारत होतो. सगळे म्हणाले, एकच खूण राहते म्हणजे त्यानं तुम्हाला ब्लॉक केलंय.”

“नाही रे! ती माझ्या प्रोग्रामची सोय. पोचलं, वाचलं, ते समोरच्याला कळत नाही.”

“आणि पुसलेलं दिसतं, ती?”

“ती दुसरी सोय.”

“वा!” धाकटा म्हणाला. “मला वाटायचं, दार बंद आहे, म्हणून लिहायचो आणि पुसायचो. बंद दारापुढे आपला कागद ठेवून जायला लाज वाटते. आणि तू आत बसून फटीतून वाचत होतास. मला तुझं काही दिसत नाही, तुला माझं खोडलेलंसुद्धा दिसतं. यालाच तू स्वतंत्र संभाषण म्हणतोस ना? ग्रुपवर वाचलं होतं मी ते. लांब होतं. निम्मं काढता आलं असतं.”

साहेबांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. आपण स्टुलावर उभं राहून केलेली घोषणा त्यांना आठवली आणि हातातला तो पिनांचा दिवाही. “माईनं लिहिलं होतं, वायर काढा म्हणावं याची,” ते म्हणाले.

“माईनं? कधी?”

“पुसलं तिनं.”

धाकट्याला आत बोलावलं. जाताना त्यानं चष्मा काढून साहेबांच्या हातात दिला. साहेब तो चष्मा वरच्या खिशात ठेवायला गेले, तिथं दोन स्क्रू होते, म्हणून खालच्या खिशात ठेवला. मग बाहेर ठेवला. मग सगळा वेळ हातातच धरून बसले.

काम नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं सांगून गेल्या. एका डोळ्यावर पांढरी वाटी चिकटवलेला धाकटा पलीकडच्या खोलीत खाटेवर बसला होता. चष्म्याशिवाय दुसऱ्या डोळ्यालाही फारसं दिसत नव्हतं. साहेब शेजारी बसले आणि त्यांनी त्याचा हात घेतला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलायला हवं असलं की त्यांना जाहीर करण्याखेरीज दुसरा मार्ग ठाऊक नव्हता.

“मी ठरवलंय,” ते म्हणाले. “आज घरी गेलो की त्या कंपनीचं ॲप घेणार. सगळ्या अटी मान्य. दोन खुणा दिसू देत, निळ्या होऊ देत, सगळ्या जगाला कळू दे मी कधी काय वाचतो ते. आणि पुसलेलं पुसलेलं राहील. यापुढे कुणी पुसलेलं मी वाचणार नाही. रेडिओही तुझ्यासमोर, तू म्हणशील तेव्हाच उघडेन.”

धाकट्यानं हाताची पकड घट्ट केली. साहेबांना वाटलं, भावाला गहिवरून आलं असावं, आणि वाटीखाली डोळ्याला ते चालेल का, याची त्यांना काळजी वाटली.

“दादा,” धाकटा शेवटी म्हणाला.

“बोल,” साहेब म्हणाले. आता ते पडखाऊ वाटलं नाही.

“काल माईनं मला काहीतरी लिहिलं आणि पुसून टाकलं. मोठं होतं. काय असेल ते, रात्रभर मला चैन नाही.” त्यानं चाचपडत उशाखालून आपला फोन काढला आणि पुढे केला. “ते ॲप वगैरे तू सावकाश घे. आधी तुझं ते भगदाड माझ्या फोनवर घालून देतोस का?”